स्पिंडल ऑइलचा एक थेंब

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा पहिले सहा महिने मी त्याच्याकडे पाठ करून जेवलो. सुनेचा होता तो. बाहेरच्या खोलीत जिथं माझी खाट होती, तिथं टेबल आलं आणि माझी खाट गेली गॅलरीत. चाळीस वर्षं ज्या माणसाच्या कमाईवर घर चाललं त्याला गॅलरी आणि एका पेटीला खिडकीजवळची जागा. मी बोललो नाही. पण पाठ केली.

घर भेस्तानला. दीड खोली, वर पत्रे. मागच्या भिंतीला लागून लूमचं खातं आहे. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. भिंतीला हात लावला तर ती थरथरताना कळते. पाहुणे येतात ते म्हणतात, एवढ्या खडखडाटात राहता कसे. आम्हाला उलट आहे. वीज गेली आणि खातं थांबलं की घरातली सगळी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, काय झालं म्हणून.

मी अशाच खात्यांमधून दिवस काढले. मराठवाड्यातून आलो तेव्हा कांड्या भरायला लागलो, मग लूम चालवले, मग मास्टर झालो. मास्टर म्हणजे लूम बिघडला की त्याला चालता करणारा. शाळा माझी चौथी, तीही पुरी नाही. पण एका शेडमध्ये अठ्ठेचाळीस लूम चालू असताना दारात उभं राहून मी सांगायचो, तिसऱ्या ओळीतल्या पाचव्याचं बेरिंग कोरडं पडलंय. कारीगर पैज लावायचे आणि हरायचे. लांब पेचकस घ्यायचा, त्याचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आत कुठं घासतंय, कुठं ढिलं आहे, सगळं त्या मुठीतून ऐकू येतं. डॉक्टरची नळी काय वेगळं करते?

आणि एक नियम होता माझा. माझ्या हाताखालच्या कारीगराकडून काही तुटलं तर त्यानं तो तुकडा हातात घेऊन माझ्यासमोर येऊन उभं राहायचं. बोलायची गरज नाही. नुसतं उभं राहायचं. मी तुकडा घ्यायचो, बघायचो, शिवी द्यायचो आणि कामाला लागायचो. त्याच्यापुढे काही नाही. पण एकानं तुटलेली दांडी कचऱ्यात लपवली होती आणि लूम आपोआप थांबला म्हणून सांगितलं होतं, त्याला मी त्याच दिवशी घरी पाठवला. त्याची बायको येऊन रडली, तरी परत घेतला नाही. मशीन मोडलं तर मशीन दुरुस्त होतं, असं मी तिला सांगितलं होतं. मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

आता सुनेचं. तिचा बापही लूमवरचाच, लिंबायतला राहायचा. पोरगी बारावी झालेली. माझा मुलगा इच्छापोरला ठेकेदाराकडे बारा तासांच्या पाळीत आहे, घरी येतो तो जेवायला आणि झोपायला. लग्नानंतर सून बाकीच्या बायकांसारखी साड्यांना टिकल्या चिकटवायची. गल्लीतल्या सगळ्या बायका हेच करतात. साड्यांचा गठ्ठा येतो, डिंकाची बाटली येते, मान खाली घालून दिवसभर चिकटवत बसायचं. तिनं ते दोन वर्षं केलं, आणि मग कुठल्याशा क्लासला जाऊन एम्ब्रॉयडरीची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवायला शिकली. नुसतं चित्र काढणं नाही ते. सुई कुठं शिरेल, कुठून निघेल, कोणत्या टाक्यानंतर कोणता टाका, दोरा कधी तुटेल, सगळं कॉम्प्युटरमध्ये बसवायचं. मग ती फाइल एम्ब्रॉयडरीच्या मशीनमध्ये घातली की मशीन तसंच्या तसं भरतं. एका काठाला कधी चार दिवस लागायचे, मग तो एखाद्या एम्ब्रॉयडरीवाल्याला विकायचा.

मी पाठ करून बसायचो, पण कान होतेच. एके दिवशी तिची आणि म्हातारीची, म्हणजे माझ्या बायकोची, बोलणी चालली होती. सून जोंधळ्याच्या कणसाचा काठ बनवत होती. म्हातारीला दाखवत होती. मी वळून बघितलं.

"असं ताठ कणीस कुठं असतं का?" मी म्हणालो.

"मग कसं असतं, मामा?"

"भरलेलं कणीस मान टाकतं. ताठ राहतं ते पोकळ. दाणाच नसतो त्यात."

तिनं तोंड एवढंसं केलं. सगळे टाके परत बसवायचे म्हणजे दोन दिवसांचं काम. पण तिनं केलं. दोन दिवसांनी मला बोलावलं आणि पडद्यावर कणीस वाकलेलं होतं. अगदी पाहिजे तितकं. त्या दिवसापासून मी कॉम्प्युटरकडे तोंड करून जेवायला लागलो.

तर तो कॉम्प्युटर ह्या वर्षी होळीनंतर मंद झाला. आधी सुरू व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ घ्यायचा, मग चहा पिऊन कप विसळेपर्यंतचा. पडद्यावर गोल गोल चकली फिरत राहायची. सून माऊस हातात धरून त्या चकलीकडे बघत बसायची. एखादा टाका सरकवला की तो पाच मिनिटांनी सरकायचा. ती काही काही करून बघायची, हे काढ, ते पुस, बंद कर, चालू कर. फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघायची, कॉम्प्युटर फास्ट कसा करायचा म्हणून. त्यातला माणूस दोन मिनिटांत करून दाखवायचा. आमचा काही ऐकायचा नाही.

मी तिसऱ्या दिवशी उठलो. "उघड तो डबा," म्हणालो.

"अहो, तुमाला काय कळतंय त्यातलं?" म्हातारी आतून ओरडली. "तो लूम न्हाई!"

"मशीन आहे ना? वीज खातं ना? फिरतं ना आत काहीतरी?"

सुनेनं मला उघडू दिला, कारण तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं. बाजूचा पत्रा काढला आणि मी हसलोच. आत लूमची रुई. खात्यातून उडणारे धाग्याचे तंतू भिंत ओलांडून आमच्या डाळीतसुद्धा येतात, तिथं ह्या डब्यात आले तर नवल काय. आतल्या पंख्यावर त्याची गादी बसली होती. बोटानं उचलली तर टोपीसारखी निघाली. आणि खाली तळाला काय, तर तांदूळ. दर दसऱ्याला म्हातारी कॉम्प्युटरची पूजा करते, जशी मी माझ्या पान्या-पेचकसांची करायचो. वरच्या जाळीतून सहा दसऱ्यांच्या अक्षता आत पडल्या होत्या, झेंडूच्या पाकळ्या वाळून चहापत्तीसारख्या झाल्या होत्या.

"बघ," मी म्हातारीला म्हणालो. "तुझ्या देवानं पंखा धरून ठेवला होता."

मी दाढीच्या ब्रशनं सगळं साफ केलं. पंखा फुंकून, पुसून बसवला. चालू केला तर कॉम्प्युटर पळायलाच लागला. सून टाळ्या वाजवून म्हणाली, "मामा, तुम्ही तर इंजिनीअरच!" मुलगा आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं, मग शेजारणीला सांगितलं. शेजारीण तिचा मिक्सर घेऊन आली, तोही मी करून दिला. चार दिवस मी गल्लीत जरा वेगळाच चालत होतो. आता वाटतं, त्या दिवशी काहीच झालं नसतं तर बरं होतं. हरलो असतो तर गप बसलो असतो.

पाचव्या दिवशी चकली परत फिरायला लागली.

ह्याच सुमाराला कतारगामहून बोलावणं आलं होतं. तिथं एम्ब्रॉयडरीचा मोठा कारखाना. त्यांनी सुनेचे दोन काठ कुठंतरी बघितले होते. शेठचा निरोप होता, सोमवारी ये, आतापर्यंत केलेलं सगळं काम घेऊन ये, आमच्या मशीनवर चालवून बघू आणि पसंत पडलं तर डिझाइनच्या खोलीत कायमची बस. खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. सगळं सोडा, पण आमच्या गल्लीतली एकही बाई खुर्चीवर बसून काम करायला अजून गेलेली नाही. सून त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ घालून बसली आणि म्हातारीनंही काही म्हटलं नाही.

सगळं काम होतं त्या डब्यात. सहा वर्षांचं. दुसरीकडे कुठं ठेवलं का म्हणून मुलानं विचारलं, तर एका छोट्या पेन ड्राइव्हमध्ये जुनी पाच-सहा डिझाइनं होती, शिकाऊ असतानाची. बाकीच्यांचे फोनमध्ये फोटो होते; विकलेल्या फाइल एम्ब्रॉयडरीवाले परत देत नाहीत.

"फोटो दाखव मग," मी म्हणालो.

"फोटोवर मशीन चालत नाही, मामा."

गुरुवारी तिनं रिपेरवाल्याला फोन लावला. भेस्तान स्टेशनकडे त्याचं दुकान आहे, गुजराती माणूस, पन्नाशीचा, सगळ्यांना काका नाहीतर बेन, म्हणजे बहीण, म्हणून बोलणारा. तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि डब्याजवळ धरला. आतून आवाज येत होता. कट्... कट्... मग थोडं थांबून कट्.

"बंद करा, बेन, आधी बंद करा," तो म्हणाला. मराठी त्याला येतं, तोडकंमोडकं. "हार्ड डिस्क जाते आहे. आता चालूच नका करू. रविवारी मी येतो, आधी सगळा माल दुसऱ्या डिस्कमध्ये काढून घेतो. निघेल. पण तोपर्यंत कोणी हाथ ना लगाडता."

"मी पंखा साफ केला होता," मी मागून म्हणालो.

"ते सारुं कर्युं, चांगलं केलं, काका. पण आता हाथ ना लगाडता. ते आपलं काम नाही."

आपलं काम नाही! त्यानं 'आपलं' म्हटलं, पण म्हणायचं होतं 'तुमचं'. एवढं मला कळतं. आणि औषध काय सांगितलं, तर बंद ठेवा. मला सांगा, बंद ठेवून कोणतं मशीन बरं झालंय? खात्यात मी एखाद्या शेठला म्हणालो असतो की लूम चार दिवस बंद ठेवा, मग बघू, तर त्यानं मला तिथूनच घरी पाठवला असता.

सुनेनं डब्यावर जुनी ओढणी टाकली. मला म्हणाली, "मामा, रविवारपर्यंत फक्त. प्लीज."

"मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो.

शुक्रवार मी गॅलरीत काढला. शनिवारी सकाळी सून आणि म्हातारी उधन्याला गेल्या. सोमवारसाठी नवा ब्लाऊज शिवायला टाकला होता, तो आणायचा होता. जाताना सून दारातून परत आली, ओढणी सरळ केली आणि गेली. मुलगा कामावर. घरात मी आणि भिंतीपलीकडचं खातं.

मी काय विचार करत होतो ते खरं सांगतो, कारण खोटं सांगून आता काही उपयोग नाही. मला तिचं भलं करायचं होतं हे खरंच आहे. पण त्याच्या आधी मला त्या रिपेरवाल्याला दाखवायचं होतं. रविवारी तो येईल, चालू करेल, कॉम्प्युटर पळेल, आणि तो विचारेल कोणी केलं. तेव्हा मी गॅलरीत बसून विडी ओढत असेन. एवढंच चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्यात सूनसुद्धा नव्हती.

ओढणी काढली. चालू केला. लांब पेचकस आणला, टोक डब्याच्या आत एकेका भागाला टेकवत गेलो आणि मूठ कानाला. पंख्याचा आवाज नीट. वीज देणाऱ्या डब्याचा बारीक गुणगुणाट, तोही नीट. मग खाली एक चपटी, वजनदार डबी होती, तळहाताएवढी, तिच्यावर टेकवलं आणि सापडलं. कट्... कट्... आत काहीतरी वेगानं फिरत होतं आणि त्याच्यासोबत काहीतरी अडखळत होतं. फिरण्याच्या आवाजाच्या खाली एक कोरडी सळसळ होती. ती सळसळ मी झोपेतसुद्धा ओळखीन. तेल संपलेलं बेरिंग.

मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. कान अजून शाबूत होता माझा.

डबी सोडवून घेतली. तिचे स्क्रू वेगळेच, डोक्यावर चांदणीचा आकार. तसला पेचकस माझ्याकडे नव्हता. मग एका बारीक पेचकसाचं टोक कानशीनं घासून घासून त्या चांदणीत बसेल असं केलं. पाऊण तास गेला त्यात. एक स्क्रू कागदाच्या चिकटपट्टीखाली लपवलेला होता, तो मी बोटानं चाचपून शोधला. पट्टीवर इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. मला इंग्रजी येत नाही. येत असतं तरी वाचलं असतं का, माहीत नाही.

झाकण निघालं. आत आरसा होता. खरंच, गोल आरसा, इतका स्वच्छ की माझ्या नाकातले केस दिसले. त्याच्यावर सुईसारखा एक बारीक हात. किती सुंदर काम केलेलं होतं कुणीतरी. मी ते थोडा वेळ नुसतं बघत बसलो. मग आरशावर माझ्या श्वासाची वाफ धरली, म्हणून धोतराच्या मऊ फडक्यानं ती पुसली. बोटानं आरसा फिरवला. मधल्या खिळ्याशी मला जरा अडखळल्यासारखं वाटलं, की मला तसं वाटून घ्यायचंच होतं, कोण जाणे. माझ्या हत्यारांच्या पेटीत स्पिंडल ऑइलची, म्हणजे लूमच्या बेरिंगला घालायच्या पातळ तेलाची, बाटली असते, अजून असते. तिचं झाकण सुईनं टोचून मी बरोबर मधोमध एक थेंब सोडला. एकच. जास्त तेल घालणारा मास्टर अडाणी असतो.

परत फिरवला तर लोण्यासारखा फिरला.

सगळं जागच्या जागी बसवून चालू केलं. आवाज गेला होता. कट् नाही, सळसळ नाही. मी हसलोसुद्धा. मग एकदा खर्र झालं, वाळूवरून पत्रा ओढल्यासारखं. आणि पडदा काळा झाला, वर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीच्या दोन ओळी. बंद केला, चालू केला. त्याच दोन ओळी. परत. परत. मी किती वेळा केलं मला आठवत नाही. शेवटी खर्र व्हायचंही थांबलं.

मला तेव्हा कळलं. डिस्क म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. पण मेलेलं मशीन मला कळतं. मशीन बिघडलेलं असतं तेव्हा ते काहीतरी सांगत असतं. हे काहीच सांगत नव्हतं.

आणि मग मी जे केलं ते ह्या सगळ्याहून वाईट. मी डबी उचलून हातात घेऊन दारात उभा राहिलो नाही. मी पत्रा लावला, चारही स्क्रू आवळले. ओढणी टाकली, आणि सुनेनं ज्या बाजूला तिची झालर ठेवली होती तीच बाजू पुढे केली. पेचकस पेटीत ठेवला, कानशीचा भुगा पायानं गॅलरीच्या खाली लोटला. हात साबणानं धुतले, दोनदा. त्या दोघी आल्या तेव्हा मी जुनं वर्तमानपत्र चष्मा न लावता वाचत होतो.

ब्लाऊज निळा होता. सुनेनं अंगाला लावून दाखवला.

"कसा आहे, मामा?"

"छान आहे," मी म्हणालो.

रविवारी रिपेरवाला आला. बूट बाहेर काढले, पाणी प्याला, दुसरी डिस्क पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. सून त्याच्या खुर्चीमागे उभी, म्हातारीनं चहा ठेवलेला. मी गॅलरीत माझ्या खाटेवर. दोन पावलांवर.

त्यानं पत्रा काढला. डबी काढली आणि हातात घेतल्या घेतल्या थांबला. उलटी केली. चिकटपट्टीला पाडलेलं भोक त्याला दिसलं असणार. स्क्रूंच्या डोक्यांवरचे ओरखडे दिसले असणार. त्यानं ती कानाजवळ नेऊन हलवली, नाकाजवळ नेली. मग माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मशीन समोर असताना डोळे खाली घातले.

"आ कोणे..." तो म्हणाला, कोणी उघडली असं विचारणार होता, आणि मधेच थांबला. डबी टेबलावर ठेवली. "बेन, ही गेली. आपोआपच गेली. कधी कधी जाते अशी."

"पण तुम्ही म्हणालात निघेल."

"म्हणालो होतो. आता नाही निघणार."

"थोडं? थोडं तरी? एक फोल्डर आहे फक्त, बाकी नको..."

"काहीच नाही, बेन."

तो खोटं बोलत होता माझ्यासाठी. ज्याला मी दोन दिवस मनातल्या मनात शिव्या दिल्या तो माणूस. मी तेव्हा उठू शकलो असतो. खाट करकरलीसुद्धा. पण उठलो नाही.

तो निघाला तेव्हा मी त्याला कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथं म्हणालो, "आवाज मधल्या खिळ्याशी होता."

त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली. "साचुं पकड्युं, काका," तो म्हणाला. बरोबर पकडलं. "आवाज बरोबर ओळखला. पण ते बंद खोलीतलं काम आहे. धुळीचा एक कण चालत नाही तिथं." मग म्हणाला, "घरी सांगा. मी नाही सांगणार, पण तुम्ही सांगा."

परत आलो तर सून डबी हातात घेऊन बसली होती. रडत नव्हती. अंगठ्यानं तिची कड पुसत होती आणि त्या अंगठ्याचा वास घेत होती. तिचा बाप लूमवरचा होता हे मी आधी सांगितलंय. त्या घरात टॉवेललासुद्धा तोच वास असतो.

"कोणतं तेल टाकलं, मामा?"

आवाज चढवला नव्हता. कारीगर जसा मास्टरला विचारतो तसं विचारलं.

"स्पिंडल," मी म्हणालो.

म्हातारी स्वयंपाकघराच्या दारात आली, माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि आत गेली.

मी हात पुढे केला. डबी घेण्यासाठी, की आणखी कशासाठी, मलाच माहीत नाही. मला वाटतं, आता तरी ती हातात घेऊन तिच्यासमोर उभं राहावं, असं काहीतरी होतं. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"राहू द्या," ती म्हणाली. आणि डबी फळीवर ठेवली.

सोमवारी ती निळा ब्लाऊज घालून कतारगामला गेली. फोनमधले फोटो आणि पेन ड्राइव्हमधली ती पाच-सहा शिकाऊ डिझाइनं घेऊन. शेठ चांगला होता म्हणे. फोटो बघितले, म्हणाला छान आहेत. मग म्हणाला, फाइल? तिनं सांगितलं. तो म्हणाला, बनवून आण, मग बघू. पण तिथंच बाहेर दुसरी एक मुलगी बसली होती, तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. हे सगळं मला मुलाकडून कळलं. मुलानं मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "बाबा, जेवून घ्या," आणि झोपला.

नवी डिस्क बसवली. कॉम्प्युटर आता असा पळतो की बटण दाबल्यावर पापणी मिटायच्या आत उघडतो. आत काहीच नाही. सून त्याच्यासमोर बसायची सुरुवातीला. एक काठ काढायला घेतला, अर्ध्यावर सोडला, दुसरा घेतला, सोडला. म्हणाली, हाताला आठवतं पण क्रम आठवत नाही. आता बसत नाही. ओढणी टाकलेली असते. साड्यांचे गठ्ठे पुन्हा यायला लागले आहेत, डिंकाची बाटली, टिकल्यांची पाकिटं. ती भिंतीला टेकून बसते आणि चिकटवते. माझी खाट आत आणा असं मुलगा म्हणाला होता, टेबलाच्या जागी. मी नाही म्हणालो.

हत्यारांची पेटी मी बांधून माळ्यावर टाकली. शेजारीण परवा पंखा घेऊन आली होती. म्हटलं, मला नाही येत.

मागच्या महिन्यात दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेलो होतो. बाकावर समोर एक बाई बसली होती, गुजराती असावी, मांडीवर नातू. साडी साधी, मोतिया रंगाची. काठावर जोंधळ्याची कणसं. मी चष्मा लावला. उठून जरा जवळ गेलो, तर बाईनं पदर ओढून घेतला आणि माझ्याकडे रागानं बघितलं. बरोबरच आहे तिचं. मी परत येऊन बसलो. माझा नंबर पुकारला तो मला ऐकू आला नाही.

घरी आलो. सून टिकल्या लावत होती. त्या दिवसानंतर आमच्यात जेवा, चहा, औषध घेतलं का, ह्याच्यापलीकडे बोलणं नव्हतं. मी तिच्यासमोर उभा राहिलो. हातात काही नव्हतं.

"दवाखान्यात एक बाई होती," मी म्हणालो. "तिच्या साडीला कणसाचा काठ होता."

तिचा हात थांबला. वर बघितलं नाही.

"कणीस ताठ होतं की वाकलेलं?"

"वाकलेलं."

"मग माझंच," ती म्हणाली.

मी थांबलो, आणखी काही म्हणेल म्हणून. तिनं डिंकाचा थेंब सोडला, त्यावर टिकली ठेवली आणि सुकेपर्यंत बोटानं दाबून धरली. मग दुसरी घेतली.